मोकळ्या गॅलऱ्यांची इमारत

मित्रांनो, मी धुळ्यातली एक तीन मजली इमारत आहे. मला म्हातारी म्हणालात तरी राग नाही. पण धोकादायक म्हणालात, तर मी भांडेन. का, ते ऐका.

माझा जन्म स्वातंत्र्याच्या थोडा आधीचा. सुकदेव नावाचा तरुण तेव्हा मुंबईहून इंजिनिअर होऊन आला होता. त्याची बहीण रत्ना घरातल्या मागच्या, बिनखिडकीच्या खोलीत खोकत पडलेली असे. क्षय झालेल्या माणसाला असेच कोपऱ्यात ठेवत.

"आजारी माणसाचं ऊन-वारं आधी बंद करायचं, हा कुठला न्याय?" असे म्हणून तो वडिलांशी भांडला आणि त्यांच्याच रिकाम्या जागेवर त्याने मला उभे केले.

प्रत्येक खोलीला त्याने समोरासमोर खिडक्या दिल्या. पूर्वेला गोल कोपऱ्यांच्या लांब गॅलऱ्या काढल्या. मधोमध जमिनीपासून आभाळापर्यंत उघडा चौक ठेवला आणि त्याच्या कडेने जिना नेला. माझ्यावर ना नक्षी होती, ना कमानी. लोक हसले. "हे घर आहे की आगबोट?" असे विचारू लागले.

रत्ना रोज सकाळी गॅलरीत कोवळ्या उन्हात बसे. पुढे चांगली औषधेही आली, सगळे श्रेय मी घेणार नाही. पण ती बरी झाली आणि केस पांढरे होईपर्यंत इथेच राहिली. हसणारेच मला 'हवेशीर बिल्डिंग' म्हणू लागले. चोपड्याहून येणारे पाहुणेसुद्धा 'हवेशीर बिल्डिंग कुठे?' असाच पत्ता विचारू लागले.

मग दिवस बदलले. सुकदेव गेला, घराघरांत भाडेकरू राहू लागले. कुणाला एक खोली वाढवून हवी होती, त्याने गॅलरी बंद केली. कुणी खिडकीत कपाट बसवले. तळमजल्यावरच्या प्रेमराजचे ठिबक सिंचनाच्या नळ्यांचे दुकान होते. चौकात ठेवलेला माल पावसात भिजू नये म्हणून त्याने वर गच्चीपाशी चौकाच्या तोंडावर पत्रे टाकले, तारेने आवळले, वर दगड ठेवले. भर दुपारी माझ्या जिन्यात दिवा लावावा लागू लागला. आणि सुकदेवचा नातू भटू, माझा आताचा मालक, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "कोंदट आहे हो. पाडून टॉवर बांधतो."

मला कोंदट कोणी केले, ते त्याला कोणी विचारले नाही.

गेल्या मे महिन्यात, कुंदाबाई गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या या बाई एकट्याच राहतात. तेवढ्यात खाली प्रेमराजच्या मालाला आग लागली. प्लॅस्टिकचा काळा धूर चौकातून वर चढला, पत्र्याला अडला आणि जिन्यात भरला. खालची वाट आगीने अडली, म्हणून प्रेमराजची बायको ज्योती सासूला धरून वर यायला निघाली होती. ती मध्येच अडकली.

"अक्का! जीव घाबरतोय!" तिची हाक गच्चीवर कुंदाबाईंना ऐकू आली.

कुंदाबाईंनी पत्र्यांवरचे दगड बाजूला ढकलले. पत्रे उन्हाने तव्यासारखे तापले होते. हाताला पदर गुंडाळून त्यांनी तारा उपसल्या आणि एक पत्रा उलथला. मग दुसरा. हात भाजले, तरी त्या थांबल्या नाहीत.

कोंडलेला धूर सरळ आभाळात गेला. मित्रांनो, किती वर्षांनी मी श्वास घेतला! जिना दिसू लागला. सासूला घेऊन ज्योती गच्चीवर पोहोचली. बंब आला, आग विझली, माणसे वाचली.

दुसऱ्या दिवशी भटूने सगळ्यांना अंगणात जमवले. "बघितलं? मी सांगत होतो, ही इमारत माणसं मारेल. महिनाभरात खाली करा."

कुंदाबाई पुढे आल्या. दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. त्या अहिराणीत म्हणाल्या,

"भटूभाऊ, आग काय इमारतनी लाई? खिडक्या आपीनच बुज्यात, चौक आपीनच झाका. आते तिले कसाले दोस देतस?"

भटू म्हणाला, "अक्का, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"माले इतलंच कळस," त्या म्हणाल्या, "मी आठून जावाव नही."

मग प्रेमराज उठला. "पत्रे मी टाकले होते," तो म्हणाला. "माझी आई आणि बायको त्यामुळेच मरायला टेकल्या होत्या. मीही जाणार नाही." त्याच्यामागे एकेक घर तेच बोलले.

रहिवाशांनी कामिनी नावाच्या इंजिनिअर बाईंना बोलावले. त्यांनी माझे खांब ठोकून पाहिले, भिंती तपासल्या. काही ठिकाणी सळया गंजल्यात, दुरुस्ती लवकर करा, पण पाडायचे कारण नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. भटूची वाट न बघता रहिवाशांनीच दुरुस्ती सुरू केली. बऱ्याच गॅलऱ्या उघडल्या. दोन अजून बंद आहेत. त्या घरांशी माझे भांडण चालूच आहे.

भटूही अजून नव्या नव्या बिल्डरांना घेऊन येतो. ते रस्त्यावर उभे राहून माझी रुंदी डोळ्यांनी मोजतात.

मित्रांनो, जुन्या वास्तूला नावे ठेवण्याआधी आपण तिचे काय केले ते बघा. तिची डागडुजी करा, तिची दारे-खिडक्या अडवू नका. आणि मला पाडायला येणाऱ्यांनो, खालून काय बघता? वर या. भर दुपारी माझ्या खोलीत बसा, दोन्ही खिडक्या उघडा, आणि मग बोला.