टेकडीवर मार खाणारं घुबड

मित्रांनो, हसणार नसाल तर सांगतो. मी एक जुनं लाकडी घुबड आहे, आणि मार खाणं हे माझं काम आहे.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात, मोडक्या पलंगाच्या पायातून झाला. सुताराच्या वहिनी इस्पितळात नर्स होत्या. पानगळ सुरू झाली, की सुट्टीच्या दिवशी त्या पक्षी मोजणाऱ्या गटाबरोबर गावाबाहेरच्या टेकडीवर जात आणि थंडी टाळायला दक्षिणेकडे निघालेले शिकारी पक्षी मोजत बसत. ससाणे, शिक्रे, गरुड असे सगळे मोठे प्रवासी. पण ते इतक्या उंचावरून जात, की ओळखता ओळखता डोळ्यांना पाणी येई. या पक्ष्यांचं आणि घुबडाचं हाडवैर असतं. दिवसाढवळ्या घुबड दिसलं, की त्याला टोला हाणल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. म्हणून वहिनींनी दिराकडे एक घुबड मागितलं. त्याने मला तासलं, रंगवलं, कोंबडीची पिसं चिकटवली आणि पिवळेधमक डोळे काढले.

"घ्या वहिनी," तो म्हणाला. "अगदी तुमच्यावर गेलंय. बघा कसे डोळे वटारलेत!"

"माझ्यावर कुठलं? कामाच्या वेळी नुसतं बसून राहायचं, हे तुमच्यावर गेलंय, भाऊजी."

भाऊजींनी टेकडीवर एका खडकात छान खाच शोधली आणि माझी काठी तिथे ठोकली. पक्षी वरून झेपावत, मला बडवत, आणि मोजणारे "वा, वा!" करत. केवढा मान! पिसं उपटली गेली तरी माझी छाती फुगलेलीच असे.

मोजणीचा नियम साधा होता. पाण्याच्या टाकीपासून समोरच्या मनोऱ्यापर्यंत एक रेषा मनात धरायची. पक्षी ती ओलांडून दक्षिणेला गेला, की हातातल्या यंत्राचं बटण दाबायचं. उलटा आला, तर एक वजा करायचा. आता गंमत बघा. मी होतो रेषेच्या दक्षिणेला. मला बघून पुढे गेलेला पक्षी मागे वळे, मला बडवे, टेकडीला वळसा घालून उत्तरेला जाई आणि पुन्हा रेषा ओलांडे. बटण पुन्हा दाबलं जाई. वजा मात्र कुणीच करत नसे, कारण सगळे आ वासून माझी मारामारी बघत! एका शिक्र्याने एका सकाळी मला असा चोप दिला, की एकट्याचीच पलटण झाली.

पुढच्या टेकडीवरच्या मोजणाऱ्यांनी मग विचारलं, "तुमचे एवढे पक्षी वाटेत कुठे जिरले?"

आमच्या गटाचे प्रमुख निवृत्त मुख्याध्यापक होते. ते लाजेने लाल झाले. "हे घुबडच नको," म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं! माझी रवानगी सुताराच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे झाली. तिथे मी वर्षानुवर्षं धूळ खात पडलो. वाईट वाटायचं, मित्रांनो. मार खाण्याचीसुद्धा सवय लागते.

एका संध्याकाळी वहिनी दुकानात आल्या. भाऊजींनी चहा पुढे ठेवला. वहिनींचा हात कपाच्या शेजारी गेला आणि रिकाम्या जागी चाचपडत राहिला.

"मी मोजणी सोडतेय," त्या म्हणाल्या. "काल कावळ्याला ससाणा म्हटलं. कुणी हसलंसुद्धा नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं."

"मोतीबिंदू?"

"दोन्ही डोळ्यांत."

"मग ऑपरेशन करा की. आयुष्यभर लोकांना सुया टोचल्यात, आणि आता स्वतःवर आली तर पाचावर धारण बसली होय?"

"नर्स आहे म्हणूनच भीती वाटते. जे थोडं दिसतंय तेही गेलं तर?"

भाऊजी उठून फळीवरचे रंगाचे डबे सरकवू लागले. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"पैज लावू," ते म्हणाले. "उद्या शेवटचं टेकडीवर चला. पक्षी ओळखलात, तर उरलेली नजर वाचवायला ऑपरेशन करायचं. नाही ओळखलात, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"तुम्ही तोंड बंद ठेवणार? मग हरलेलंच बरं," वहिनी म्हणाल्या. पण आल्या.

या वेळी भाऊजींनी मला रेषेच्या अलीकडे, पक्षी येतात त्या बाजूला, वहिनींच्या खुर्चीसमोर उभं केलं. मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सर, खाच मीच चुकीच्या जागी शोधली होती," भाऊजी म्हणाले. "इथे हवी तेवढी मारामारी होऊ दे. रेषा ओलांडली, तरच मोजायचं."

सकाळ रिकामी चालली होती. वहिनी मांडीवर दुर्बीण ठेवून बसल्या होत्या. मला पहिल्यांदाच मार चुकण्याची भीती वाटली. कुणीतरी या रे, मी मनात म्हणत होतो. आणि एकदम वरून सूं असा आवाज आला. फाडकन टोला बसला आणि माझा डावा कान उडाला!

"बहिरी ससाणा!" वहिनी ताडकन उभ्या राहिल्या. "गालावर काळी मिशी, छातीवर उभ्या रेघा. यंदाचंच पिल्लू आहे!"

मुख्याध्यापकांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि नुसती मान डोलावली. ससाणा फिरून आला, पुन्हा हाणून गेला, आणि सगळे परत माझ्याकडे बघत राहिले.

"घुबडाकडे काय बघताय? टाकीकडे बघा!" वहिनी ओरडल्या. "गेला का पलीकडे? मग दाबा बटण. एकदाच!"

भाऊजींनी नाक पुसलं आणि थंडीला दोष दिला.

ऑपरेशन नीट पार पडलं. काळा चष्मा उतरला त्या दिवशी वहिनी थेट दुकानात आल्या आणि त्यांनी मला उचलून उजेडात धरलं.

"अगंबाई! रंग उडालाय, पिसं झडलीत, कानही गेलाय. आणि या ध्यानाला माझ्यासारखं म्हणत होता, भाऊजी?"

मित्रांनो, एवढी गोड स्तुती माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. त्यांनी स्वतः माझा नवा कान चिकटवला. तुम्हीही एखादी वस्तू निकामी म्हणण्याआधी ती योग्य जागी ठेवलीय का, ते बघा. आणि घरातल्या कुणाचा हात कपाच्या शेजारी जाऊ लागला, तर त्यांना एकटं सोडू नका.

आता पुन्हा पानगळ सुरू झाली आहे. मी टेकडीवर छाती काढून उभा आहे. मला टोला द्यायला येणारा पक्षी अजून ढगाजवळचा ठिपका असतो, तेव्हाच मागच्या खुर्चीतून वहिनी त्याचं नाव घेतात.