रविवारचा पान्हा

माघातलं ऊन डोंगराच्या खांद्यावरून उतरत होतं. पिवळं ऊन, पातळ ऊन, थंडीने काकडलेलं ऊन. वाळल्या गवतावर उतरलं, कारवीच्या कुडावर उतरलं आणि जानू येडग्याच्या खोपटाच्या उंबऱ्याशी येऊन थबकलं. आत एक मूल रडत होतं.

चार महिन्यांचं मूल. तुळसा तिचं नाव. परवापासून रडत होती; रडून दमत होती, दमून निजत होती, भुकेने जागी होऊन पुन्हा रडत होती. आणि दर वेळी शेवटी तिची आईच हरत होती, पदराखाली घेत होती.

आज रविवार. आज हरून चालणार नव्हतं.

उद्या भागीला, जानूच्या या एकुलत्या लेकीला, साताऱ्याच्या दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. तिच्या काखेत गाठ होती. गाठीवरचं औषध उद्या रक्तात उतरणार होतं, रक्तातून दुधात. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की मग त्या दुधाचा थेंबही बाळाच्या ओठी लागता कामा नये. म्हणून डब्यातलं दूध आलं होतं, बाटली आली होती. आणि रबरी बोंडी ओठाला टेकली, की तुळसा मान फिरवत होती. एवढीशी मान, पण खडकासारखी हट्टी.

"पोरीला उपाशी टाकून मी न्हाई जायची," भागी म्हणाली. "पुढल्या महिन्यात जाईन."

पुढल्या महिन्यात. चुलीशी बसलेल्या जानूचा हात फुंकणीवरच गोठला. त्याच्या बायकोचेही हेच शब्द होते. तिलाही गाठ होती. पण म्हशी व्यायच्या होत्या, मग गवत कापायचं होतं, मग ओढ्याला पूर होता. दर वेळी तिने पुढला महिना मागितला, दर वेळी त्याने तो दिला. दिवाळीच्या तोंडावर महिने संपले.

तो उठला. "आण ती बाटली इकडं."

"तुम्ही पाजणार? बाबा, पोर हाय ते, रेडकू न्हवं."

"रेडकू बरं. लाथ मारतं, पण तुझ्यावानी तोंड चालवत न्हाई." त्याने बाळ तिच्या हातांतून काढून घेतलं. "तू ओढ्यावर जा. तू समोर असताना ती रबर कशाला चोखंल? मी हाक मारीस्तवर वर यायचं न्हाई."

भागी गेली. उतारावरून पाय खाली जात होते, कान मागे राहत होते.

ओढा बारीक झालेला, काचेसारखा. ती दगडावर बसली. वरून रडणं आलं. रडणं आलं आणि पान्हा आला. न विचारता, न थांबता. चोळी भिजली, पदर भिजला. देहाला कुणी सांगितलंच नव्हतं की आज रविवार आहे.

वर खोपटात जानूने दुधाचा थेंब तळहातावर घेतला. चाळीस वर्षं धारा काढून जाड झालेला तळहात. त्याला कोमट कळेना, कढत कळेना. ठीक आहे, म्हणाला तळहात. जानूने बोंडी बाळाच्या ओठांत दिली.

किंकाळी उठली. डोंगराच्या कड्याला थडकली, ओढ्यात कोसळली.

भागी धावत सुटली. अर्धा उतार चढली आणि थांबली. एक पाऊल वर गेलं तर उद्याचा दिवस गेला. तिने एका झुडपाची फांदी धरली. इतकी घट्ट, की पानं मुठीत चुरली.

खोपटात जानूने बाटली झटकन मागे घेतली. त्याने एक थेंब स्वतःच्या पापणीवर टेकवला. चटका बसला. "चुकलं गं माझं बाय," तो पुटपुटला. बाटली गार पाण्यात धरली, पुन्हा थेंब, पुन्हा पापणी, पापणीला काहीच वाटेनासं होईपर्यंत.

मग त्याने बोंडी दिलीच नाही. बोट दिलं. रेडकाला बादलीची ओळख करून देताना आधी बोट द्यायचं, हे त्याचे हात जाणत होते. चोखू द्यायचं, मग बोटासकट तोंड दुधाकडे न्यायचं, आणि हळूच बोट मागे घ्यायचं. स्वच्छ धुतलेली करंगळी ओठांत गेली. तुळसाने ती चोखली. रागाने, मग भुकेने. करंगळीच्या कडेने बोंडी सरकली. एक घोट. दुसरा. करंगळी निघून आली, आणि घोट थांबले नाहीत.

खाली रडणं थांबलेलं भागीने ऐकलं. हाक मात्र आली नाही. निजली? निपचित पडली? ती दबक्या पावलांनी वर आली, कुडाच्या फटीला डोळा लावला. बापाच्या मांडीवर लेक पीत होती, टाळूवरची कोवळी कातडी घोटागणिक धडधडत होती. जानूने मान वर केली नाही. हाक मारली तर तंद्री मोडेल म्हणून श्वासही जपून घेत होता. त्याच्या डोळ्यांतलं पाणी दाढीतून ठिबकत होतं.

तिने आत पाऊल टाकलं नाही.

ती पुन्हा ओढ्यावर गेली. छाती दगड झाली होती, ठणकत होती. अंगावरचं दूध पायदळी पडू नये, वाहत्या पाण्यात सोडावं. तिच्या वाडीच्या बायका तसंच करत. ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली, पाठ डोंगराकडे करून वाकली.

पाण्यात एक पांढरी रेघ उतरली. क्षणभर रेघ, मग दोरा, मग धूर, मग नुसतं पाणी; दगडावरून दगडावर, उन्हातून सावलीत, खाली, आणखी खाली, खोऱ्याकडे.