पुढे केलेला हात

जमुना पळते ही बातमी अमरावतीच्या राजापेठेत पसरली, तेव्हा देवमनने आधी कपाळावर हात मारून घेतला. घरात सून आलेली, गुडघे कुरकुरायचं वय, आणि ही बायको पहाटे बूट चढवून परतवाडा रोडला लागते! तरी बडबड करत का होईना, तो मोपेडवर तिच्या मागे जायचाच. हळूहळू बडबड थांबली. मग तोच पानठेल्यावर सांगू लागला, "आमची जमुना मुंबईची मॅरेथॉन पयणार हाय. पुरे बेचाळीस किलोमीटर!" ऐकणाऱ्याने तोंडाचा आ केला नाही, तर तो पुन्हा सांगायचा.

तिच्या पायांत दम होता, छातीत दम होता. खोट एकच. पुढे केलेला हात तिला नाकारवत नसे. रस्त्याकडेच्या संत्रेवाल्याने "ताई, घ्या जी एक फाक" म्हटलं की ही थांबलीच. खायची, वरून त्याच्या लेकराबाळांची चौकशी करायची. अमरावतीत ते खपून गेलं. मुंबईत ठरलेल्या वेळेत पोचलं नाही, तर मागून येणारी बस उचलून नेते आणि मेडल राहतं बाजूला. देवमनने गाडीत बसल्यापासून बजावलं होतं, "कुठी थांबू नको." तिने मान डोलावली होती.

शर्यतीच्या दिवशी तो शेवटच्या मोठ्या चढाजवळ, दोरीच्या अलीकडे उभा राहिला. पळणारे येत होते, जात होते. जमुना दिसली, पण पळताना नाही. ती चक्क उभी होती! एका म्हाताऱ्या बाईंनी तिच्या हातावर गूळपापडी ठेवली होती आणि ही विचारत होती, "तुमीच बनवली का?" कमरेची पिशवी चिक्की-बिस्किटांनी टम्म फुगलेली. मागे वळणावर बस दिसू लागली होती.

देवमन दोरीवरून वाकला. "अवं जमुने, पय! बस आली!"

"अजी, किती मायेनं देऊन राहिले लोकं. मन मोडू काय त्यायचं?"

तो स्वतः तरी कुणाला कधी नाही म्हणाला होता?

"त्यायचं मन मी सांभायतो," तो ओरडला. "तू पय!"

आणि तिच्या हातातली गूळपापडी घेऊन त्याने सरळ तोंडात टाकली.

मग दोरीच्या कडेने देवमनही निघाला. केळं पुढे आलं, केळं घेतलं. चिक्की आली, ती घेतली. "आणा, मी तिचा नवरा हाय," म्हणत प्रत्येकाला वाकून नमस्कार. लोक हसले, पण त्यांनी भरभरून दिलं. जमुनाने मान खाली घातली आणि चढ धरला. काय पळाली ती! धडधाकट पोरं कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती, त्यांच्या बाजूने ही नऊवारीतली बाई एका लयीत वर गेली. देवमनला इतका अभिमान वाटला, की तो तोंडातला घास चावायचाच विसरला. माथ्यावर ती दिसेनाशी झाली. तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

तो धापा टाकत फुटपाथवर बसला. थोड्या वेळाने बस समोरून गेली. त्याने एकेक खिडकी न्याहाळली. जमुना कुठेच नव्हती.

बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"अजी, पोचली मी. मेडल गळ्यात हाय."

त्याला हुंदका फुटला.

"काहून रडून राहिले तुमी?"

"जमुने," तो कसाबसा म्हणाला, "तुह्यासारखी बाई मी दुसरी नाई पाह्यली वं."

संसाराच्या इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला होता.

"मंग या ना लवकर," ती म्हणाली. "अठी सगळ्यायचं कोणी ना कोणी आलं हाय."