वाळूवरची शर्यत

धाहरानच्या तेल कंपनीच्या कॅम्पातली माझी स्वयंपाक्याची जागा उसामा या सौदी तरुणाला मिळाली होती. रविवारी मी रत्नागिरीला परत निघणार होतो. त्याआधी घसरगाडीच्या शर्यतीत त्याला एकदा तरी हरवायचंच, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

वाळूच्या टेकडीवरची ही दर शुक्रवारची शर्यत कॅम्पातल्याच आल्बर्टसाहेबांनी सुरू केली होती. तरुणपणी ते स्वित्झर्लंडच्या बर्फावर घसरगाडीत पहिले आले होते. आता सत्तरीतही त्यांचा शुक्रवार चुकत नसे.

त्या शेवटच्या शुक्रवारी मी गाडीच्या तळाला खोबरेल चोपडलं. गावी होडी पाण्यात लोटताना फळ्यांना तेल लावतातच.

उसामा हसला. "गफूरचाचा, गाडी तळताय की काय?"

सरावाला निघालो आणि अर्ध्यातच रुतलो. सगळी वाळू तेलाला चिकटली होती!

आल्बर्टसाहेब धावत आले. त्यांनी चाकूने तळ खरवडला, रुमालाने पुसला आणि खिशातली मेणबत्ती कोरड्या लाकडावर घासली. म्हणाले, "माझी पहिली शर्यत मी चरबी लावून हरलो होतो. आता पुढे वाक आणि पाय उचल."

शर्यतीसाठी आम्ही माथ्यावर शेजारी शेजारी बसलो. "यल्ला! चला!" उसामा ओरडला.

गाडी सुटली. डोळ्यांत वाळू, कानांत वारा, शेजारी उसामा. मी आणखी वाकलो आणि हातभर पुढे खाली पोहोचलो!

"जिंकलो!" मी ओरडलो.

उसामा धापा टाकत म्हणाला, "आणखी एकदा!"

"परवा माझं विमान आहे रे."

"मग आत्ताच!"

आम्ही गाड्या ओढत पुन्हा टेकडी चढू लागलो. साहेब आमच्या पुढे होते, स्वतःची गाडी घेऊन.