भरतेशची चुकलेली वाट

भरतेशचं नाव काढलं की माझं डोस्कं फिरतं. मी सयाजी, पलटणीतनं हवालदार म्हणून रिटायर झालेला गडी. आख्खी हयात नकाशे वाचण्यात गेली. आणि हा आष्ट्यातल्या खतदुकानदाराचा पोरगा, मोटरसायकलच्या हँडलला मोबाईल बांधून फिरतो, जीपीएसवर वाटा टिपतो आणि इंटरनेटवरच्या सगळ्यांच्या नकाशावर चढवतो. ह्या नकाशात कुणीबी भर घालावी. मी पायी हिंडून एकेचाळीस वाटा घातल्या, त्येच्या शंभरावर. ज्येच्या त्येच्या तोंडात भरतेशच. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात घावला. धुळाच्या वस्तीची वाट नकाशावर सरळ उसातनं गेलेली. जाऊन बघतो तर तिथं छातीएवढा ऊस. तोडीत रान मोकळं झालं की ट्रॉली काढायला मधनंच चाकोरी पडती. तोडल्याल्या बुडख्यातनं खोडवा फुटून वाढला की गडप. तिला कोण रस्ता म्हणंल? ज्येला ऊस कळत न्हाई त्यो. वाट कुणी घातली ते बघायची गरजच न्हवती. नकाशावरनं पुसायची म्हटलं तर दोन मिनिटांचं काम, पण न्हाई पुसली. आमा नकाशावाल्यांच्या रविवारच्या बैठकीत चारचौघांत त्येचं पितळ उघडं पाडायचं व्हतं.

बैठकीत मी उभा राहिलो आणि लय रंगवून सांगितलं. भरतेश खाली मान घालून बसला. मला बरं वाटलं.

बैठक चालवणाऱ्या ब्राह्मीबाई शाळेत भूगोल शिकवतात. त्यांनी पडद्यावर ती वाट उघडली. कुणी टिपली, कवा टिपली, खाली सगळं दिसतं. तारीख सतरा जानेवारी. नाव माझं. तवा मी लालासाहेबाच्या उसाच्या ट्रॉलीवर बसून आलेलो, खिशात जीपीएस चालूच राहिलेलं, आणि घरी येऊन मीच सगळं चढवलेलं.

त्येच्या खाली भरतेशनं पंधरा दिवसांमागं लिहिलेलं: 'इथं आता ऊस आहे. पण वाट सयाजीकाकांची आहे, ते सहसा चुकत नाहीत. त्यांना विचारूनच पुसू.'

कुणी हसलं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं. भरतेश हळू आवाजात म्हणाला, "काका, तुमीच पुसा."

मी पुसली. माझ्या चाळीस राहिल्या. त्यो चुकला तर न्हाईच, वर चांगलाबी निघाला. आता मी जळायचं तरी कुठल्या तोंडानं?