आवाज नसलेलं घर

माझी बायको मालन गेली तेव्हा आमच्या रुचिराचा दहावीचा निकाल नुकताच लागला होता. वर्गात तिसरी आली होती. काविळीने आठवड्याभरात सगळं आटोपलं. मुलीचं शिक्षण आता माझ्या अंगावर होतं.

मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मशीनवर काम करतो. दिवसभर कानात आवाज. त्यामुळे अभ्यास म्हणजे शांतता, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी शिफ्ट बदलून दिवसपाळी घेतली. केबल तोडली. दारावर जाड पडदा लावला. मधली भिंत एकच म्हणून शेजारच्या रत्नप्रभाला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं. तिने केला. मासे आणणं बंद केलं, साफ करायचे म्हणजे खटपट आणि वास. वरणभात लावायचा, ताट रुचिरासमोर ठेवायचं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचं. तिने काही विचारलंच तर मी म्हणायचो, "तू अभ्यास कर, बाकीचं मी बघतो."

बारावी सायन्सला ती दोन विषयांत राहिली.

मी रागावलो नाही. पुन्हा परीक्षा दे म्हणालो. ती हो म्हणाली, पण अर्जाची तारीख निघून गेली तरी तिने तो भरला नव्हता. मग बोरिवलीला कपड्यांच्या दुकानात नोकरी लागल्याचं सांगितलं. मी रत्नप्रभाकडे जाऊन म्हटलं, एवढी शांतता ठेवली, तरी असं कसं झालं?

ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवलं.

"भावजी, रागावू नका. मालन होती तेव्हा संध्याकाळी तुमच्या घरातून दोघींचा कालवा ऐकू यायचा. पोरगी धडा सांगायची, ही मासे साफ करता करता भांडायची. तिच्या मालवणीत म्हणायची, 'माका पटणा नाय, परत सांग.' पोरगी चिडून परत सांगायची. आम्ही इकडे हसायचो. तुम्ही तेव्हा सेकंड शिफ्टला असायचात, तुम्हाला कसं कळणार? ती गेल्यापासून तुमच्या घरातून आवाजच आला नाही."

मालन सातवी शिकलेली. तिला त्यातलं काय कळत असेल? पण दहावीपर्यंत पोरीने सगळं तिलाच सांगून पाठ केलं होतं, आणि ते ऐकणारं माणूस गेल्यावर मी तिचं सांगणंही बंद केलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी बांगडे आणले. मोरीजवळ पाट घेऊन बसलो. रुचिरा दुकानातून आली, पिशवी ठेवली आणि बघत राहिली.

"आज मासे?"

"हो. बस इथे. अभ्यासातलं काहीतरी सांग मला."

"तुम्हाला नाही कळणार, पप्पा."

"आईला कळायचं?"

"नाही. पण ती भांडायची."

ती बसली मात्र. काय विचारायचं ते मला सुचेना. हातात बांगडा होता, म्हणून त्याचंच विचारलं. हा जन्मभर खाऱ्या पाण्यात राहतो, मग याला आपल्याला मीठ का लावावं लागतं?

रुचिराने माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी तिने माझ्याकडे असं नीट पाहिलं होतं.

"आईनेपण हेच विचारलं होतं. नववीत. मी दोन दिवस शोधलं आणि मग तिला सांगितलं. तरी म्हणाली, माका पटणा नाय."

"मग मला सांग. मलाही नाही पटणार."

ती हसली. सांगायला तोंड उघडलं. मासा पाणी पितो, म्हणाली, आणि मीठ... तिथे थांबली. छताकडे पाहिलं. बोटं गुडघ्यावर वाजवत राहिली. मी वाट पाहिली. मशीनवर माणूस वाट पाहायला शिकतो.

"विसरले," ती म्हणाली.

आठवेल, असं म्हणणार होतो. पण तिने माझ्या हातातली सुरी घेतली. "द्या इकडे. तुम्ही पोट चुकीचं कापताय," म्हणाली. पाटावर बसून तिने सगळे बांगडे साफ केले, अगदी मालनसारखे, आणि सगळे होईपर्यंत एक शब्द बोलली नाही.