डाव्या मोज्यातली सुरी

सुरी हरवल्याचं कळलं ते जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी. मुलीचं, ऊनाचं, लग्न त्याच आठवड्यातल्या शनिवारी होतं, म्हणून टॉर्मड मॅथेसनने आपला किल्ट, समारंभाला नेसायचा तो चौकड्यांचा लोकरी घागरा, पेटीतून काढून बाहेर दोरीवर वाऱ्याला टाकला होता. पट्टा मिळाला, कमरेची कातडी थैली मिळाली, बुटांना पॉलिश करूनही झालं. मोजे मात्र मिळेनात. आणि किल्टवर मोज्यात खोचायची ती छोटी सुरी मोज्यांतच ठेवलेली असायची. समारंभ आटोपला की त्याची बायको मार्सली मोजे धुऊन वाळवायची, त्यांची गुंडाळी करायची आणि सुरी म्यानासकट त्या गुंडाळीत खुपसायची. एक सापडलं की दुसरं सापडतं, असं तिचं म्हणणं. एक हरवलं की दोन्ही जातात, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

मार्सली डिसेंबरात गेली होती.

"करडे मोजे का?" ऊनाने स्वयंपाकघरातून विचारलं. मग ती बाहेर आली आणि पायरीवरच बसली. "बाबा, ते आईच्या विणकामाच्या टोपलीत होते. टाच विरली होती ना, ती रफू करायला घेतले होते तिने."

"मग आण टोपली."

"टोपली मी देऊन टाकली."

फेब्रुवारीत तिने आईची सगळी लोकर, टोपलीसकट, डिंगवॉलच्या धर्मादाय दुकानात नेऊन दिली होती. वरून नुसते लोकरीचे गुंडे दिसत होते. खाली हात घालून बघायचं तिला सुचलं नाही. तिने तिथल्या तिथे दुकानात फोन लावला. बाई भली होती. टोपली त्याच आठवड्यात विकली गेली, कोणी नेली ते आठवत नाही, आणि सुऱ्या आम्ही विकत नाही, दिसली असती तर पोलिसांकडे दिली असती, असं तिने सांगितलं. पोलिसांकडे सुरी आली नव्हती. म्हणजे आता ती कुठल्यातरी बाईच्या घरात लोकरीखाली पडून होती.

"असू दे," टॉर्मड म्हणाला.

रागावायचं तर कोणावर? त्यानेच पोरीला सांगितलं होतं, आईचं काय ठेवायचं काय द्यायचं ते तू बघ, मला विचारू नकोस. पण हे बोलून दाखवायला हवं होतं, आणि ते त्याला जमलं नाही. त्याची उभी हयात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणारी गाडी चालवण्यात गेली. गाडीत बोलायला कोणी नसे, आणि घरात बोलायचं काम मार्सलीकडे होतं. त्याचं ते "असू दे" पायरीवर तसंच पडून राहिलं. ऊनाने ते उचललं आणि दोन दिवस मनात वागवलं.

गुरुवारी ती म्हणाली, "चला. इन्व्हरनेसला जाऊ. नवी घेऊ. आणि ती मी घेणार, मध्ये बोलायचं नाही."

डगलचं दुकान नदीपलीकडच्या गल्लीत होतं. डगल आणि टॉर्मड तरुणपणी एकमेकांविरुद्ध शिंटी, म्हणजे हॉकीसारखा काठ्यांचा खेळ, खेळलेले. डगलचा पुढचा एक दात त्या खेळात गेला होता, आणि तो टॉर्मडच्या काठीने गेला असं त्याचं ठाम मत होतं.

"ये रे, दातपाड्या," डगल म्हणाला. मग त्याला मार्सलीचं आठवलं. त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "काय दाखवू?"

"मोज्यात खोचायची सुरी. डाव्या."

"डावखुरा आहेस, ठाऊक आहे. दाताला ठाऊक आहे."

त्याने काचेवर मखमल पसरून एकेक सुरी मांडली. पहिल्या सुरीची मूठ चांदीची, टोकाला पिवळा खडा. ऊनाला ती आवडली.

"ही घालून गेलो तर लोक मला जमीनदार समजून माझ्याकडे जमिनीचा सारा भरायला येतील," टॉर्मड म्हणाला.

दुसरी हलकी लागली. त्याने म्यानातून ओढली तर हातात नुसती मूठ आली. खाली पातंच नव्हतं.

"विमानाने लग्नाला जाणाऱ्यांसाठी आहे," डगल म्हणाला. "वरून सगळं झोकात, आत काही नाही."

"ऊनाच्या सासरचे ग्लासगोचे आहेत. त्यांना चालेल."

"बाबा!"

तिसरी काळी होती. दलदलीत शेकडो वर्षं गाडलेल्या ओकच्या लाकडाची मूठ, त्यावर विणीची कोरीव नक्षी. हरवलेली होती तशीच, अगदी बहीण शोभावी अशी. ऊनाचा जीव तिच्यात अडकला होता हे दिसत होतं. टॉर्मडने ती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि परत ठेवली. तसाच चेहरा असलेली दुसरी बाई घरात आणल्यासारखं त्याला वाटलं.

शेवटी एक हरणाच्या शिंगाची निघाली. मूठ जरा वाकडी, एका बाजूला खरखरीत, ना खडा ना नक्षी. त्याने ती डाव्या हातात धरली. बोटं आपसूक बसली.

"तुझ्याकडे चीज आहे का?" त्याने डगलला विचारलं.

"हे दुकान सुऱ्यांचं आहे."

"तू दुपारी जेवतोस की नाही?"

डगलने कुरकुरत मागून आपला डबा आणला. टॉर्मडने चीजचा तुकडा कापला, मग दुसरा. पातं सरळ गेलं, चुरा झाला नाही. गावातल्या प्रत्येक लग्नात मार्सली नाच अर्धा टाकून त्याच्याजवळ यायची, वाकून त्याच्या मोज्यातली सुरी उपसायची आणि टेबलावरचं चीज कापून सगळ्यांना वाटायची. म्हातारे लोक म्हणायचे, मॅथेसनच्या बायकोने नवऱ्याला निःशस्त्र केलं.

"आईच्या परीक्षेला उतरली म्हणायची," ऊना म्हणाली आणि हसली. मंगळवारपासून ती पहिल्यांदाच हसली होती.

"ही," टॉर्मड म्हणाला.

ऊनाने कार्ड यंत्राला टेकवलं. डगलने सुरी पुसून तिच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांवर घेऊन बापापुढे धरली. "घ्या बाबा."

टॉर्मडने सुरी घेतली. घेता घेता मान जरा मागे, दाराकडे वळवली. मग "छान आहे" म्हणाला, ती कोटाच्या खिशात टाकली आणि गाडीकडे चालू लागला.

ऊना तिथेच उभी राहिली. डगल यंत्रातून आलेली चिठ्ठी उगाचच वाचत बसला. घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही, आणि टॉर्मडला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

संध्याकाळी चहाच्या वेळी मार्सलीची बहीण एफी दार न ठोठावता आत आली.

"तू माणूस आहेस का मेंढा?"

"काय झालं?"

"पोर माझ्या घरी बसून रडतेय. तिने तुला सुरी दिली आणि तू तिला पैसा दिला नाहीस!"

टॉर्मडचा हात कपावरच राहिला.

धारेची वस्तू फुकट घ्यायची नाही, नाहीतर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नातं कापलं जातं. देणाऱ्याच्या तळहातावर एक नाणं ठेवायचं, म्हणजे ती विकत घेतली असं होतं. हे तिथल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. आणि ठाऊक असून कोणी पैसा दिला नाही, तर त्याचा अर्थही सगळ्यांना ठाऊक असतो.

"ती म्हणते, बाबांनी मला तोडलं," एफी म्हणाली. "टोपलीपायी. आणि परवा तू तिचा हात धरून तिला चर्चमध्ये नेणार! कसा नेणार?"

"मी विसरलो."

"हे कोणी विसरतं का?"

टॉर्मड उठला. त्याने खिसे चाचपले. एक रुमाल, दोन खिळे, कार्ड. खणात पाहिलं. नाणं नाही. शेल्फवर मार्सलीची पर्स होती, तिच्यात नाणी असणार हे दोघांनाही माहीत होतं. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"माझ्याकडचं घे," एफी म्हणाली.

"तुझा पैसा म्हणजे सुरी तुझी."

"तेही खरंच. जा मग, शोध."

गावच्या दुकानातली मुलगी म्हणाली, "नाणी? आम्ही कार्डच घेतो, मिस्टर मॅथेसन. मी शेवटचं नाणं पाहिलं ते आजोबांच्या बरणीत." दारूच्या गुत्त्यातही तेच. मग तो चर्चकडे गेला. खजिनदार रॉडरिक मागच्या शेडचं निखळलेलं दार खांद्यावर पेलत उभा होता.

"रॉडी, दानपेटी उघड. एक नाणं पाहिजे. नंतर भरतो."

"पेटी चर्चच्या दोन पंचांसमोर उघडते. रविवारी."

"लग्नाआधी हा घोळ मिटला पाहिजे रे."

त्याने काय झालं ते सांगितलं. रॉडरिकने एका हाताने दार सावरत दुसऱ्या हाताने खिशातून एक पौंडाचं नाणं काढलं. "घे, माझं."

"फुकट घेतलं तर ते माझं कसं?"

रॉडरिकने विचार केला. अशा बाबतीत तो काटेकोर होता. "मग ही बाजू धर. हे बिजागरीत बसव. मजुरी म्हण."

दार ओल्या लाकडाचं, चांगलंच जड होतं. दोघे म्हातारे घामाघूम झाले, एकमेकांना शिव्या घालून झाल्या, चर्चच्या आवारात आहोत हे आठवून गप्प झाले, आणि दार बसलं. टॉर्मडने मजुरी घेतली.

एफीच्या घरी ऊना खिडकीपाशी बसली होती. त्याने नाणं तिच्यापुढे धरलं. तिने हात पुढे केला नाही.

"मावशीने पाठवलं म्हणून आलात?"

"तिने मेंढा म्हटलं म्हणून आलो. हात कर, पोरी."

"तुम्ही विसरणारे नाही. सगळं लक्षात असतं तुमच्या."

"तू सुरी पुढे केलीस, तेव्हा मी मागे वळलो," टॉर्मड म्हणाला. "तुझ्या आईला दाखवायला. ती तिथे नव्हती. मग पुढचं काही सुचलं नाही."

ऊनाने तळहात उघडला. त्याने नाणं ठेवलं आणि तिची बोटं मिटवली.

"आणि टोपलीचं?" तिने विचारलं.

"विचारू नकोस असं मीच म्हटलं होतं. आता विचारत जा."

"मग विचारते. आईच्या कपड्यांचं कपाट आहे अजून. मी एकटी हात लावणार नाही."

"दोघं मिळून करू. लग्न होऊन जाऊ दे."

लग्न नीट पार पडलं. सुरी नव्या मोज्यात, डाव्या पायाला होती. नाचाच्या मध्ये ऊना आली, पांढरा झगा सांभाळत वाकली आणि सुरी उपसून चीज कापायला घेऊन गेली. ग्लासगोचे पाहुणे जरा घाबरले.

आता ऑक्टोबर संपत आला. ऊना दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा दोघं कपाटाच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि चहा करायला परत फिरले. कपाट अजून उघडायचं आहे.